परत गेलेली ताटं

आज सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही. चहा घेतला, तोही नुसता. विमानातल्या मुलीने खारी बिस्किटं पुढे केली तेव्हा मी दोन्ही हात जोडले. तिला वाटलं मी नमस्कार करतेय, तीही बिचारी वाकली. हे मुद्दाम सांगते आहे, कारण आमच्या घरातलं उपाशी पोटी हॉटेलात गेलेलं माणूस अजून कुणी पाहिलेलं नाही. मी पहिली.

टेबल साडेपाचचं आहे, एका माणसाचं, माझ्या माहेरच्या आडनावावर. सुजाताला, म्हणजे माझ्या मुलीला, मी आल्याचं ठाऊक नाही. ती माझ्यापासून तीसेक पावलांवर आहे, लांबलचक ओट्याच्या पलीकडे, पाठमोरी. इथलं स्वयंपाकघर उघडंच आहे, भिंत नाही, आणि गेल्या वर्षीपासून ते तिच्या हाताखाली चालतं. तिला कळलं असतं तर तिने काहीतरी खास करून पाठवलं असतं. मला खास नको. चार लोक खातात तेच मला खायचं आहे आणि सगळंच्या सगळं खायचं आहे. ॲरिझोनातल्या चँडलरहून एवढ्यासाठीच आले.

दार उघडलं की बाहेरची थंडी आत येते आणि तिच्याबरोबर वास येतात. जळत्या लाकडाचा, तापलेल्या लोण्याचा आणि ओल्या लोकरीचा. माणसं दिवसभर बर्फात घसरून आलेली असतात, त्यांचे मोजे, टोप्या शेकोटीच्या उबेला वाळतात, त्यांचा तो वास. काही अगदी चांगला नाही. पण मला तो आला की मी बासष्टची राहत नाही.

सुजाता सहा-सात वर्षांची असल्यापासून आम्ही दर डिसेंबरात कोलोरॅडोतल्या या गावी येत असू. चँडलरमधली आणखी दोन मराठी कुटुंबं, तीन गाड्या, एक भाड्याचं घर. पहाटे वाळवंटातून निघायचं, निवडुंग संपायचे, मग लाल डोंगर, मग पहिलं पांढरं. पहिलं बर्फ दिसलं की मुलं गाडीत किंचाळायची आणि आम्ही मोठी माणसं शाली शोधायला लागायचो. स्कीइंग आमच्यापैकी एकालाच यायचं, तेही त्याचं म्हणणं. बाकीचे आम्ही बर्फ बघायला यायचो आणि जेवायला.

जेवण सगळं बरोबर असायचं. थंडाव्याच्या पेटीत मळलेली कणीक, निवडलेली मेथी, वाटलेला मसाला, दोन किलो कांदे. दोन कुकर. या उंचीवर डाळ उघड्या भांड्यात शिजतच नाही, पहिल्या वर्षी आम्ही रात्रीच्या वरणासाठी दुपारपासून बसलो होतो आणि शेवटी टणक वरण खाल्लं. दुसऱ्या वर्षापासून कुकरशिवाय कुणी निघालं नाही. शिट्ट्या व्हायच्या तेव्हा बाहेर स्की घेऊन जाणारे लोक थबकून वर बघायचे. एकदा लाल मिरचीच्या फोडणीने धुराची घंटा वाजली, सगळी इमारत बाहेर बर्फात येऊन उभी राहिली, आगीचा बंब आला. आम्ही कानकोंडे झालो होतो, पण आमच्यातल्या एका काकूंनी बंबवाल्यांना चिवडा दिला आणि त्यांनी तो उभ्याउभ्या खाल्ला. मुलांकडे स्लेड नव्हत्या. ती पोळ्यांच्या परातीत बसून घसरायची. माझी ती परात एका बाजूने अजून चेपलेली आहे.

संध्याकाळी गावात चक्कर व्हायची. दिवे, घोडागाडीच्या घंटा, दुकानांच्या काचा. या हॉटेलची काच सगळ्यांत मोठी. आत पांढरी टेबलं, प्रत्येकावर मेणबत्ती, आणि हळू बोलणारी माणसं. सुजाता काचेला नाक लावून उभी राहायची. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली की हाताने पुसायची आणि पुन्हा बघायची. तिला माणसांत रस नव्हता. मागे ओट्याशी एक बाई कढईतून आगीचा लोळ उडवायची, ती तिला बघायची असायची.

"कॅन वी ईट हिअर?" ती विचारायची.

"आपल्या कुकरमध्ये काय कमी आहे बाप्पा?" हे म्हणायचे. नागपूर सोडून यांना किती वर्षं झाली तरी 'बाप्पा' सुटला नाही. मग तिचा हात धरून पुढे चालायला लागायचे.

यांचं म्हणणं पैशाचं नव्हतं. मला ते कळायचं, कारण ते माझ्याच घरचं होतं. माझी आई नागपुरात चार घरची भांडी घासायची. मागच्या अंगणात, नळाशी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नाही. टाकू दिलं नाही कुणी. पण त्या घरांतून लग्नाची बोलावणी यायची आणि आई जायची, आम्हाला नवे कपडे घालून न्यायची. निघण्याआधी मात्र घरी पोटभर जेवू घालायची. वरण, भात, जवसाची चटणी. आम्ही म्हणायचो, तिथे लाडू मिळतील ना. ती म्हणायची, मिळतील तेव्हा मिळतील, कुणाच्या दारात भुकेलं जायचं नाही. तिथे आमची पंगत सगळ्यांत शेवटी बसायची. इतर मुलं ताटाकडे बघत ताटकळायची आणि आम्ही भावंडं पोट भरलेलं असल्याने राजासारखी उभी असायचो. आईला तेवढंच हवं होतं. मी शिकले, नोकरीला लागले, इतक्या लांब आले, पण घरून जेवून निघायची सवय काही सुटली नाही. कुणाकडे बोलावणं असलं तरी मी दोन घास खाऊनच निघते. आमच्यात बरीच माणसं अशी आहेत, विहारातल्या बायकांना विचारून बघा.

मुलीचं नाव यांनी ठेवलं. बुद्धाला खीर देणारी ती सुजाता. म्हणजे तिच्या नावात स्वयंपाक घातला आम्हीच, आणि इंजिनिअरिंगची दोन वर्षं झाल्यावर तिने जेव्हा सांगितलं की कॉलेज सोडून स्वयंपाक शिकायला जाते आहे, तेव्हा आकाशपाताळ एक केलं तेही आम्हीच. हे दोन दिवस बोलले नाहीत. मी बोलले, ते जास्त वाईट. म्हटलं, "तुझ्या आजीने लोकांची खरकटी काढली ती तू पुन्हा काढावीस म्हणून का?" ती किचन टेबलाशी बसली होती. तिने मराठी नीट समजून घेतलं, मग उठून गेली. ते वाक्य मला परत घेता आलेलं नाही.

तरी तिने आम्हाला बोलावलं. सात वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. ती तेव्हा इथे नुकतीच लागली होती, सगळ्यांत खालच्या पायरीवर. फोनवर म्हणाली, "शेफने परमिशन दिलीय. एक डिश माझी असेल. तुम्ही नक्की या."

आम्ही आलो. दहा तास ड्राइव्ह करून आलो, आणि हॉटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये गाडी लावून गाडीतच जेवलो. हे सांगताना आजही कानांच्या पाळ्या गरम होतात. डबा माझ्याबरोबर होताच: पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, ठेचा. हे म्हणाले, "आत काय मिळते कोण जाणे, बशीत एवढंसं देतात म्हणे." मी म्हटलं, "हो, आणि भुकेल्यासारखं खाणं बरं दिसत नाही." काचांवर वाफ धरली होती. बाहेर बर्फ पडत होतं. मी पोळीत भाजी गुंडाळून यांच्या हातात देत होते आणि खरं सांगायचं तर आम्ही दोघं फार मजेत होतो. चार-चार पोळ्या झाल्या. मग हात पुसले, तोंडात बडीशेप टाकली आणि आत गेलो.

आत एकामागून एक ताटं येत राहिली. थोडं थोडं म्हणतात ते थोडं नव्हतं. तिसऱ्या ताटाच्या वेळी वाढणारा मुलगा वाकून म्हणाला की हे सूने केलंय. सू म्हणजे आमची सुजाता. भोपळ्याचं काहीतरी होतं, केशरी, वरून भाजलेल्या बिया आणि लाल मिरचीचं तेल. मी दोन चमचे खाल्ले. यांनी तीन. पोटात तिळाएवढी जागा नव्हती. मुलगा ताटं उचलायला आला, विचारलं, सगळं ठीक होतं ना? "व्हेरी गुड, व्हेरी गुड," आम्ही म्हणालो, आणि ती ताटं जवळजवळ भरलेली आत गेली.

नंतर ती बाहेर आली, आम्हाला मिठी मारली, गाडीपर्यंत पोचवलं. महिन्याभराने फोनवर दुसऱ्याच कशावरून तरी सहज म्हणाली, "किचनमध्ये सगळे परत आलेली प्लेट बघतात, आई. शेफ काही बोलत नाही. फक्त बघतो." आणि विषय बदलला. मी फोन ठेवला आणि सिंकपाशी उभी राहिले. ज्या घरात शिताशिताला किंमत होती, त्या घरच्या मुलीने पहिल्यांदा वाढलेलं ताट मी उष्टं टाकलं होतं.

त्यानंतर तिने कधी बोलावलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. दर रविवारी फोन, माझा गुडघा, यांचं ब्लड प्रेशर, तिकडचं बर्फ. जेवणाचं सोडून सगळं. ती घरी यायची तेव्हा मी केलेलं खायची, ताट स्वच्छ करायची, पण ओट्याशी येऊन उभी राहायची नाही. आणि मी विचारायची नाही. वर्षं अशी जातात. नंतर यांची बायपास झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता उंचावर जायचं नाही. पांढरा डोंगर आता यांच्यासाठी फोटोतलाच. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना मी गाडीत ठरवलं की मी जाणार. एकटी जाणार.

काल बॅग भरताना हे दारात उभे होते. "काही नेऊ नको संगं," म्हणाले. "चिवडासुद्धा नाही. अन् माझ्या वाटचं बी तूच जेव."

तर मी जेवते आहे.

पहिल्यांदा ब्रेड आला, मीठ लावलेल्या लोण्याबरोबर. संपवला. मग बीट, त्यावर बकरीच्या दुधाचं चीज, आंबूस. ते चीज मला आवडत नाही. संपवलं. खिडकीबाहेर स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्टच्या रिकाम्या खुर्च्या एकामागून एक खाली येत होत्या, डोंगराच्या टोकाला तेवढं गुलाबी ऊन होतं. माझी भूक खरी होती आणि मला तिची लाज वाटत नव्हती. कुणाच्या तरी दारात मी भुकेली बसले होते, आयुष्यात पहिल्यांदा. ते दार माझ्या मुलीचं होतं म्हणून जमलं.

मग मुख्य ताट आलं. मेंढ्याची अख्खी नळी, रात्रभर शिजवलेली, खाली मक्याचा मऊ सांजा, त्याला इथे पोलेंटा म्हणतात. काटा लावला तर मांस हाडापासून आपोआप सुटलं. मी काटा-चमच्याने खाल्लं, शहाण्यासारखं. पण शेवटी हाड उरलं, आणि हाडात गर होता. आता नळी ही काय टाकायची गोष्ट आहे? आमच्या घरी रविवारी मटण व्हायचं तेव्हा हे स्टीलच्या ताटावर नळी आपटायचे, ठक ठक ठक, गर सुटेपर्यंत, आणि पाच वर्षांची सुजाता आपल्या छोट्या ताटावर तिची छोटी नळी आपटायची. चँडलरच्या त्या शांत गल्लीत आमच्याच घरातून हा आवाज यायचा.

मी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या टेबलावर एक वयस्क जोडपं होतं, मोत्यांची माळ, कॉलर ताठ. मी म्हटलं, असू दे. नळी उचलली, तोंडाने ओढली, येईना. मग ताटावर आपटली. चिनी मातीचं ताट, आवाज स्टीलपेक्षा मोठा झाला. ठक ठक ठक. मोत्यांची माळ वळली. वाढणारी मुलगी जागीच थांबली. मी पुन्हा आपटली.

ओट्यापलीकडे पाठमोरी उभी असलेली माझी मुलगी ताठ झाली. मग सावकाश वळली. तिने आधी आवाज शोधला आणि मग मला पाहिलं.

ती हात पुसत आली. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. टेबलाशी उभी राहिली. "आई? तू इथे काय करतेयस? बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. त्यांनीच पाठवलं. जेवायला आले."

"मला सांगितलं का नाहीस?"

मी आठ दिवस वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. "त्या वेळी आम्ही गाडीत जेवून आलो होतो गं," मी म्हणाले. "तुझं काही वाईट झालं नव्हतं. आमच्या पोटात जागाच नव्हती. आमची चूक झाली. आणि तुझ्या आजीवरून बोलले ती त्याहून मोठी चूक. एवढंच सांगायला आले."

ती म्हणाली, "आय नो."

"काय नो?"

"गाडीचं. मी बघितलं होतं." ती हळू बोलत होती, शब्द शोधत. "मी मागच्या दाराने ट्रॅश टाकायला बाहेर आले होते. गाडीतला लाइट ऑन होता. तू बाबांना पोळीचा रोल करून देत होतीस. तुम्ही हसत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"मी उभी होते तिथे. स्नोमध्ये, ट्रॅशची बॅग घेऊन. मला वाटलं तू आता बघशील आणि मला हाक मारशील. मी वर्षभर पोळी खाल्ली नव्हती, आई. मला खूप भूक लागली होती."

सात वर्षं मी त्या ताटांचा विचार करत होते. आणि ती त्या गाडीचा. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. तिथून दहा पावलांवर माझं लेकरू भुकेलं उभं होतं आणि मी काचेवरची वाफसुद्धा पुसली नाही.

"आज जेवलीस?" मी विचारलं.

"नंतर. सर्व्हिस झाल्यावर जेवते."

ताटात एक घास राहिला होता. मी चमचा बाजूला ठेवला. बोटांनी मांस आणि मक्याचा सांजा एकत्र केला, त्याला नळीतला गर लावला आणि हात वर केला.

"आई, इथे नको. सगळे बघतायत."

"बघू दे. आ कर."

ती वाकली. मोत्यांच्या माळेसमोर, वाढणाऱ्या मुलीसमोर, तिच्या हाताखालच्या सगळ्या माणसांसमोर तिने तोंड उघडलं आणि मी घास भरवला. तिने डोळे मिटून तो खाल्ला. लहानपणी खायची तसाच, एका गालात धरून.

"खरं सांग," ती म्हणाली. "कसं झालंय?"

व्हेरी गुड जिभेवर आलं होतं. ते गिळलं. "मटण उत्तम शिजलंय. माझ्या हातूनही असं होत नाही. पण खालच्या मक्याला मीठ कमी आहे."

तिच्या भुवया वर गेल्या. तिने घास जिभेवर फिरवून पाहिला, विचार केला, मान हलवली. मग ओट्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "पोलेंटा नीड्स सॉल्ट."

आणि आतून पाच-सहा जणांचा एकदम आवाज आला, "येस, शेफ."